तीन फेज, एक गाळा आणि बटाल्याचं लेथ

गेले तीन विकांत मी लॅपटॉपला हात न लावता काढले. हापिसात कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही. हे तीन विकांत मी उल्हासनगर कॅम्प ५ मधल्या एका दहा बाय वीसच्या गाळ्यात, हाताला ग्रीस फासून, एका जुन्या लेथच्या मोटरला व्हीएफडी जोडण्यात घालवले. व्हीएफडी म्हणजे व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह. बाजारात त्याला नुसतं 'ड्राइव्ह' म्हणतात. टिफिनच्या डब्याएवढा प्लास्टिकचा खोका असतो. पण त्याच्या मागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या कल्याण-कर्जत लाइनच्या आजूबाजूला घडलेला आहे, हे मला वायरी जोडताना कळलं. म्हणून हा लेख. ज्यांना मोटरमध्ये रस नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, गणित दहावीच्या पुढचं नाही.

आधी गाळ्याबद्दल. गाळा आमच्या शेजारच्या अंकलचा. सिंधी कुटुंब. माझे बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात टर्नर होते, आता रिटायर झालेत. अंकल आणि बाबा यांची दोस्ती माझ्या जन्माआधीची, आणि ती या लेथमुळेच. कधी एखादा जॉब अडला की अंकल बाबांना हाक मारायचे आणि बाबा ड्युटीवरून आल्यावर चहा प्यायलासुद्धा न थांबता गाळ्यात जायचे. आईचा यावर कायमचा राग आहे.

लॉकडाऊननंतर अंकलचं काम आटलं. महिन्याला दोन-चार जॉब यायचे, आणि थ्री फेज कनेक्शनचा फिक्स्ड चार्ज मात्र काम असो वा नसो भरावाच लागायचा. शेवटी त्यांनी थ्री फेज सोडलं. दिवा-पंख्यापुरतं सिंगल फेज ठेवलं आणि लेथवर गोणपाट टाकलं. यंदा दिवाळीआधी भंगारवाला येऊन किलोवर भाव सांगून गेला. अंकल बाबांना म्हणाले, "साईं, क्या करूँ? दे दूँ?" बाबा काहीच बोलले नाहीत. घरी येऊन मला म्हणाले, "तू इंजिनियर ना रे? सिंगल फेजवर थ्री फेजची मोटर चालवता येते का बघ."

मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर. कॉलेज सुटल्यापासून फक्त जावा लिहिली. पण बाबांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या डिग्रीला काम सांगितलं होतं. नाही कसं म्हणणार?

आता लेथला वेगाचं एवढं काय अडतं ते बघू. लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार स्थिर राहून धातू सोलत जातं. हत्याराच्या धारेखालून धातू किती मीटर प्रति मिनिट सरकतो यावर सगळं अवलंबून असतं. साध्या हाय स्पीड स्टीलच्या हत्याराने माइल्ड स्टील कापायचं तर साधारण ३० मीटर प्रति मिनिट धरतात. जॉब २५ मिमी व्यासाचा असेल तर त्यासाठी मिनिटाला सुमारे ३८२ फेरे हवेत. तोच जॉब १०० मिमीचा असेल तर फक्त ९५. म्हणजे प्रत्येक व्यासाला वेगळा वेग. बाबांना हे आकडे तोंडपाठ नाहीत, त्यांना निघणाऱ्या किसाचा रंग आणि आवाज कळतो. उत्तर मात्र तेच येतं.

आणि मोटर? मोटरला एकच वेग ठाऊक. नेमप्लेटवर लिहिलेलं असतं : १४४०.

हा १४४० कुठून आला? इथे थोडं मागे जाऊ. १८८८ मध्ये निकोला टेस्ला यांना अमेरिकेत फिरत्या चुंबकीय क्षेत्रावर चालणाऱ्या मोटरची पेटंट्स मिळाली. त्याच वर्षी इटलीत गॅलिलिओ फेरारिस यांनी हीच कल्पना स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. पण आज गिरणीपासून पिठाच्या चक्कीपर्यंत जी दणकट थ्री फेज मोटर दिसते, तिला आकार दिला तो मिखाइल दोलिवो-दोब्रोवोल्स्की या जर्मनीत काम करणाऱ्या रशियन इंजिनियरने, १८८९ च्या सुमारास. १८९१ मध्ये जर्मनीत लाउफेनच्या धबधब्यावरची थ्री फेज वीज १७५ किलोमीटरवरच्या फ्रँकफर्टला प्रदर्शनात नेऊन दाखवली, आणि थ्री फेजचं नाणं खणखणीत वाजलं. लाउफेनचा जनित्र बनवला होता स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉनने. हे नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे.

या मोटरमध्ये कोळशाचे ब्रश नाहीत, घासणारं काही नाही. तीन वायरींमधून येणारी वीज आळीपाळीने चढते-उतरते, त्याने मोटरच्या पोटात चुंबकीय क्षेत्र गरगर फिरतं आणि मधला रोटर त्याच्यामागे धावतो. क्षेत्राचा वेग म्हणजे १२० गुणिले फ्रीक्वेन्सी भागिले पोलची संख्या. आपल्याकडे फ्रीक्वेन्सी ५० आणि मोटर चार पोलची, म्हणजे १५००. रोटर जरा मागे राहतो, म्हणून १४४०.

गंमत बघा. या सूत्रात मोटरच्या मालकाच्या हातात काहीच नाही. पोल कारखान्यात ठरले आणि फ्रीक्वेन्सी वीजघरात. कोयनेचं पाणी ज्या लयीत जनित्र फिरवतं, त्याच लयीत कॅम्प ५ चा लेथ फिरणार. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी जोडली गेली. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी सगळ्या मोटरी एकाच ठोक्यावर चालतात. आणि हा ठोका पूर्वी चुकायचा! नव्वदच्या दशकात विजेची टंचाई असली की फ्रीक्वेन्सी ४९ च्याही खाली जायची. १ जुलै २००२ पासून पश्चिम ग्रिडमध्ये फ्रीक्वेन्सी बिघडवणाऱ्याला महाग पडेल असा दर लागू झाला, मग हळूहळू शिस्त आली. बाबा सांगतात, तेव्हा कारखान्यात संध्याकाळी मशीनचा सूर उतरलेला कानाला कळायचा. मला वाटायचं बाबा थापा मारतात. आता कळलं की खरं होतं.

मग वेग बदलायचा कसा? मोटर येण्याआधीपासून याला एक उत्तर होतं, ते म्हणजे पट्टा. जुन्या कारखान्यात छताखालून एक लांबच लांब शाफ्ट जायचा, वाफेचं किंवा ऑइल इंजिन तो फिरवायचं, आणि प्रत्येक मशीनला वरून चामड्याचा पट्टा यायचा. मशीनवर पायऱ्यापायऱ्यांची पुली. पट्टा या पायरीवरून त्या पायरीवर सरकवला की वेग बदलला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली तो काळ असल्याच कारखान्यांचा. १९१५ मध्ये खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली आणि छताखालचे शाफ्ट हळूहळू उतरले. प्रत्येक मशीनच्या पायाशी स्वतःची मोटर आली. पायऱ्यांची पुली मात्र तशीच राहिली.

आता आपल्या गावाकडे. उल्हासनगर हे मुळात गावच नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याणजवळ सैनिकांसाठी तळ बांधला, ओळीने बराकी. युद्ध संपलं, बराकी ओस पडल्या. मग १९४७ ला फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने या बराकींत आणून सोडलं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते 'उल्हासनगर' असं नामकरण झालं. पण पत्ता सांगताना आजही आम्ही 'कॅम्प'च म्हणतो. कॅम्प एक ते पाच. जी माणसं दुकानं, जमिनी, हवेल्या सोडून आली त्यांनी बराकीच्या ओट्यावर पापड लाटले, गोळ्या-बिस्किटं विकली, मग शिवणयंत्र घेतलं, मग लेथ घेतलं. 'मेड इन यूएसए'चा विनोद (यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन) सगळ्यांना माहीत असतो. तो माल बनवणाऱ्या मशीनचे भाग कोण दुरुस्त करत होतं, हे कुणी विचारत नाही. ते काम असल्या गाळ्यांत व्हायचं.

आणि हे शिकवणारी शाळा शेजारीच होती. स्वतंत्र भारताला यंत्रं बनवणारी यंत्रं हवी होती. १९५३ मध्ये बंगलोरला एचएमटी उभी राहिली ती ओर्लिकॉनमधल्याच यंत्र-हत्यारांच्या कंपनीशी करार करून, आणि तिचं पहिलं उत्पादन होतं लेथ. (आलं ना नाव परत!) त्याच सुमारास अंबरनाथला संरक्षण खात्याचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना सुरू झाला. आमच्या भागात त्याला 'एमटीपीएफ' म्हणतात. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या तेव्हा तो चिलखती वाहनांच्या कंपनीत गेला. अंबरनाथ पट्ट्यातल्या कारखान्यांतून थाऊ-थाऊचं माप ओळखणारे टर्नर-फिटर तयार झाले. ते संध्याकाळी लोकलने किंवा सायकलने घरी यायचे आणि येता येता कॅम्पातल्या गाळ्यांत त्यांची विद्या झिरपायची. माझे बाबा त्यातलेच एक.

अंकलचं लेथ एचएमटीचं नाही, ते परवडणारं नव्हतं. ते पंजाबातल्या बटाल्याचं आहे, सत्तरच्या दशकात अंकलच्या वडिलांनी घेतलेलं. बटाला गुरदासपूर जिल्ह्यात. हा जिल्हा कुठल्या देशात जाणार हे १७ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर जाहीर झालं. शकरगढ तहसील सोडून बाकीचा भारतात राहिला. अंकलचे वडील म्हणायचे म्हणे, "मैं उधर से आया, मशीन बॉर्डर से आई, दोनों बच गए." आता असलं लेथ किलोवर द्यायचं?

असो. सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवायचा एक जुना जुगाड महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला चांगला माहीत आहे. लोडशेडिंगच्या दिवसांत गावाला घरच्या दिव्यांपुरती सिंगल फेज वीज दिली जायची, पंप चालू नयेत म्हणून. शेतकऱ्यांनी कंडेन्सर लावून त्याच विजेवर पंप चालवले. मोटर फिरते, पण तिन्ही फेज सारखे मिळत नाहीत, मोटर तापते, जोर कमी पडतो. पंपाला चालून जातं. लेथवर मात्र कापलेल्या पृष्ठभागावर त्याच्या लाटा उमटतात.

दुसरं उत्तर म्हणजे ड्राइव्ह. तो आधी घरच्या एसी विजेची डीसी करतो आणि मग त्या डीसीचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे पाडून मनाजोगत्या फ्रीक्वेन्सीची थ्री फेज बनवतो. ग्रिड ५० म्हणो, तुम्ही मोटरला २० द्या, ३५ द्या, ६० द्या. म्हणजे ते वरचं सूत्र पहिल्यांदा मालकाच्या हातात आलं. ही कल्पना जुनी, पण इतक्या वेगाने उघडझाप करणारा स्विच नव्हता. १९५७ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने थायरिस्टर आणला. १९६८ मध्ये डेन्मार्कच्या डॅनफॉसने मोठ्या प्रमाणावर बनवलेला पहिला फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर बाजारात आणला. पण ड्राइव्ह स्वस्त आणि लहान झाला तो आयजीबीटी या स्विचमुळे, आणि तो प्रत्यक्षात आणला बी. जयंत बालिगा यांनी, जनरल इलेक्ट्रिकमध्ये, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. कंपनीला मोटरींचा वेग बदलणारे ड्राइव्हच हवे होते. बालिगा आयआयटी मद्रासचे. २०२४ मध्ये त्यांना फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला. आमच्या कॉलेजात आयजीबीटीवर पाच मार्कांचा प्रश्न यायचा, बालिगांचं नाव कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

तुम्ही मुंबईच्या लोकलने जात असाल तर हा ड्राइव्ह तुम्ही रोज ऐकता. १९२५ पासून आपल्या लोकल १५०० व्होल्ट डीसीवर धावायच्या. नंतर २५,००० व्होल्ट एसी आली आणि २०१६ मध्ये हार्बरवरची डीसीही संपली. २००७ पासून ज्या नव्या गाड्या आल्या त्यांच्या डब्याखाली थ्री फेज मोटरी आहेत. विठ्ठलवाडीहून गाडी सुटताना खालून जो 'ऊंऽऽऽ' असा चढत जाणारा सूर येतो, तो फ्रीक्वेन्सी वाढण्याचा सूर. अंकलच्या गाळ्यात तेच, फक्त एक हॉर्सपॉवरचं.

आता प्रत्यक्ष काम, आणि माझी फजिती.

लोहार चाळीतून ड्राइव्ह आणला, २३० व्होल्ट सिंगल फेज आत, २३० व्होल्ट थ्री फेज बाहेर. स्वतंत्र एमसीबी, जाड अर्थिंग, ड्राइव्हपासून मोटरपर्यंत शील्ड असलेली केबल. मोठ्या ऐटीत बटण दाबलं. मोटर लोण्यासारखी फिरली! अंकलनी पेढे मागवले. मग बाबांनी हत्यार लावून अर्धा मिमीचा काप घेतला आणि चक जागच्या जागी थांबला. परत केलं, परत थांबला. बाबा काही बोलले नाहीत. अंकल म्हणाले, "बेटा, मशीन बूढ़ी हो गई है." भंगारवाल्याचा नंबर त्यांच्याकडे होताच.

त्या रात्री मला झोप नाही. सकाळी नेमप्लेट घासून पुसून वाचली, जे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. ४१५ व्होल्ट, स्टार. म्हणजे मोटरची तिन्ही वाइंडिंग एका टोकाला एकत्र बांधलेली. अशा जोडणीत प्रत्येक वाइंडिंगला ४१५ भागिले वर्गमूळ तीन, म्हणजे २४० व्होल्ट मिळतात. ती बनलेलीच तेवढ्यासाठी. पण माझा ड्राइव्ह दोन वायरींमध्ये २३० च देतो. त्याला वर्गमूळ तीनने भागलं की वाइंडिंगला उरतात १३३. आणि मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गात घटतो, म्हणजे एक तृतीयांश राहिला. मशीन म्हातारं नव्हतं, मी त्याला उपाशी ठेवलं होतं.

उपाय सोपा : स्टारची डेल्टा करायची, म्हणजे प्रत्येक वाइंडिंग थेट दोन वायरींमध्ये. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर पितळी पट्ट्या फिरवायच्या, दहा मिनिटांचं काम. पण या मोटरची बाहेर तीनच टोकं! स्टारची गाठ वाइंडिंगच्या आत, वार्निशखाली बांधलेली. कॅम्प ४ मधल्या एका वाइंडिंगवाल्याकडे मोटर नेली. त्याने आतली गाठ शोधली, तीन टोकं सुटी केली, नवी वायर डाख देऊन बाहेर काढली. त्याचं शिक्षण किती ते मी विचारलं नाही. त्याने मात्र माझं विचारलं, आणि हसला.

दुसरी चूक याहून वाईट झाली असती. ड्राइव्हला ब्रेक मारता येतो, म्हणून मी थांबायची वेळ एक सेकंद ठेवली होती. बाबांनी बघितलं आणि पहिल्यांदाच ओरडले. या लेथचा चक स्पिंडलवर आट्यांनी बसतो. स्पिंडल झटकन थांबला तर जड चक स्वतःच्या गतीने फिरतच राहतो, आटे सुटतात आणि पंधरा-वीस किलोचं लोखंड अंगावर येतं. हे त्यांनी त्यांच्या उमेदीत एकदा बघितलं होतं. कुणाच्या पायावर, ते मी विचारलं नाही. वेळ आठ सेकंद केली. जुना उलट-सुलट स्विच मोटरच्या वायरीतून काढून ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला जोडला, कारण चालू असताना ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये काही तोडलं-जोडलं तर ड्राइव्ह उडू शकतो. आणि झाकणावर मार्करने लिहिलं : 'मेन बंद केल्यावर दहा मिनिटं हात लावू नये.' आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट डीसी साठलेलं असतं, ते लगेच उतरत नाही.

तिसऱ्या रविवारी परत काप घेतला. आधी अर्धा, मग एक मिमी. निळसर, गुंडाळलेला कीस पडायला लागला. बाबा नॉब फिरवून वेग कमी-जास्त करत राहिले, आवाज ऐकत राहिले. मग म्हणाले, "पट्टा सरकव."

मला कळेना. आता पट्ट्याचं काय काम? नॉब आहे की! पण त्यांचं बरोबर होतं. ड्राइव्हने वेग अर्धा केला तर ताकदही अर्धी होते, कारण जोर तेवढाच राहतो. शिवाय मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर, तोही मंदावतो आणि मोटर तापते. पट्ट्याने वेग अर्धा केला तर जोर दुप्पट होतो. म्हणून मोठा काप घ्यायचा तर पुलीची पायरी बदलायची आणि बारीक फरक नॉबने करायचा. छताखालच्या शाफ्टच्या काळातली पुली आणि बालिगांचा स्विच, दोन्ही लागतात.

एकूण खर्च भंगारवाला देत होता त्याच्या निम्म्याहून कमी आला. एवढा हिशोब मी मुद्दाम करून अंकलना दाखवला, सिंधी माणसाला आकडे दाखवलेले बरे. त्यांनी गोणपाटाची घडी करून ठेवली, टाकून दिलं नाही. म्हणाले, "देखते हैं." आमच्या कॅम्प ५ मध्ये जीन्सचा धंदा मोठा, शिवणयंत्रांचे शाफ्ट आणि बुश झिजतातच. गेल्या आठवड्यात असे सहा बुश करायला आले. अंकलनी बाबांना हाक मारली. बाबा चहा न पिता गेले आणि आई आता माझ्यावर चिडलीय.